मतदार यादीतून नाव काढणं : निवडणूक शाखेतली सात वर्षं

निवृत्त_नायब :

राम राम मंडळी. परवा सकाळी फिरून आल्यावर कट्ट्यावर नेहमीचा विषय निघाला. यादीत मेलेले आहेत, जिवंत नाहीत, तहसीलवाले झोपा काढतात वगैरे. मी गप्प बसलो. खान्देशातल्या एका शहराची ती यादी मी सात वर्षं सांभाळली आहे. शहराचं नाव सांगत नाही, ओळखणारे ओळखतील. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो.

आधी उतरंड सांगतो. मतदार नोंदणी अधिकारी म्हणजे आमच्याकडे प्रांतसाहेब, सहायक म्हणजे तहसीलदार. सह्या त्यांच्या, पण त्यांच्या डोक्यावर वाळू, पंचनामे, अतिक्रमणं आणि मंत्र्यांचे दौरे. रोजचा गाडा ओढतो तो नायब तहसीलदार, निवडणूक. हाताखाली एक अव्वल कारकून, दोन लिपिक (त्यांना आता महसूल सहायक म्हणायचं), एक कंत्राटी ऑपरेटर, आणि शहरभर पसरलेले बीएलओ, म्हणजे घरोघर जाऊन यादी तपासणारे केंद्रस्तरीय अधिकारी. त्यात शिक्षक, अंगणवाडी सेविका, पालिकेचे कर्मचारी. यादीचे भाग जितके तितके बीएलओ, आणि प्रत्येकाचं मूळ काम वेगळंच.

लोकांना वाटतं, आमचं काम म्हणजे नावं घालणं. ते सोपं आहे हो. सहा नंबरचा फॉर्म, फोटो, वयाचा नि राहण्याचा पुरावा. बीएलओ घरी जाऊन येतो, अर्जाचं नाव नऊ नंबरच्या यादीत फलकावर लागतं, सात दिवस हरकतीची वाट पाहायची, मग आदेश. ज्याला नाव घालायचंय तो स्वतः दारात उभा असतो, वर नगरसेवकाचा फोन. चूक झाली तर तोच येऊन भांडतो, म्हणजे चूक कळते तरी. नाव काढायला मात्र कुणी येत नाही. मेलेला येत नाही, गाव सोडून गेलेला येत नाही, आणि दोन ठिकाणी नाव असलेला तर मुळीच येत नाही. चूक झालीच तर ती कळते थेट मतदानाच्या दिवशी, केंद्रावर, चारचौघांत. म्हणून मी खुर्चीवर बसल्यावर पहिल्या आठवड्यात एक वेगळी वही घातली. शिपायाने तिला नाव दिलं, ‘वगळणी वही’. लोक म्हणायचे, संगणक आहे ना? आहे. पण संगणकात फक्त कारणाचं अक्षर पडतं. ई म्हणजे मयत, एस म्हणजे स्थलांतरित, आर म्हणजे दुबार, एम म्हणजे सापडत नाही, क्यू म्हणजे अपात्र. ते अक्षर कुणाच्या सांगण्यावरून पडलं, ते माझ्या वहीत.

मयतांचंच घ्या. म्हणाल, पालिकेच्या जन्म-मृत्यू विभागातून यादी आणायची आणि नावं काढायची. मीही तेच समजत होतो. पहिली यादी आली आणि डोकं धरून बसलो. मृत्यूची नोंद होते ती मृत्यू जिथे झाला तिथे. आमच्या शहरात मोठं सरकारी रुग्णालय आहे, आजूबाजूच्या पाच-सहा तालुक्यांतले पेशंट तिथे येतात, त्यामुळे शहराच्या रजिस्टरात अर्धी नावं खेड्यांतली. आणि आमच्या शहरातले म्हातारे पोराकडे पुण्याला नाहीतर नाशिकला गेले, तिथेच वारले, की त्यांची नोंद तिकडे. रजिस्टरात मतदार ओळखपत्राचा नंबर नाही, पत्ता कधी रुग्णालयाचाच. ‘पाटील’ आणि ‘चौधरी’ मोजायला बसाल तर संध्याकाळ होईल.

मग आमच्या कोतवालाने युक्ती काढली. आपल्याकडे गंधमुक्तीच्या पत्रिका छापतात, पेपरात निधनवार्ता येते, अंत्ययात्रा कुठून निघणार तेही असतं. म्हणजे घराचा पत्ता मिळाला! तो रोज सकाळी तीन पेपरांची कात्रणं वहीत चिकटवायचा. त्यावरून बीएलओने घरी जायचं, पण तेराव्यानंतरच. त्याआधी फॉर्म घेऊन दारात उभं राहायचं नाही, हा माझा तोंडी हुकूम. घरच्यांची सही नाहीतर दाखल्याची प्रत मिळाली, की मगच ई.

हा हुकूम का काढावा लागला, ते सांगतो. माझं पहिलंच वर्ष होतं. एक बीएलओ एका गल्लीत गेला. एका आजींच्या दाराला कुलूप. शेजारणीला विचारलं, आजी कुठे? ती चूल सारवत होती, मान वर न करता म्हणाली, ‘‘आजी गेल्या.’’ पोराने पंचनामा लिहिला, शेजाऱ्यांच्या सह्या घेतल्या, यादीत ई पडलं. आजी गेल्या होत्या सुरतेला, मुलाकडे.

आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, परत आल्या. कुणीतरी पुरवणी यादी दाखवली. दुपारी दोनच्या उन्हात काठी टेकत त्या शाखेत आल्या, माझ्या टेबलासमोर उभ्या राहिल्या नि म्हणाल्या, ‘‘मी जित्ती शे ना रे भाऊ! माले कोनी मारं?’’

अख्खी शाखा हसली. मला हसू आलं नाही. १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं २२ वं कलम सांगतं की गाव सोडलं किंवा इथे राहत नाही म्हणून नाव काढायचं, तर आधी त्या माणसाला म्हणणं मांडायची संधी द्या. आम्ही मयत लिहून मोकळे झालो होतो. मेलेल्याला नोटीस कोण काढतो? आजींना खुर्ची दिली, पाणी दिलं, सहा नंबरचा फॉर्म मी स्वतः भरला. जिवंत माणसाकडून पुन्हा नव्याने नोंदणीचा अर्ज घेताना फार लाज वाटली.

बाकीचं प्रतिसादांत. विचारा काय विचारायचं ते.

भरीत_पार्टी :

जबरदस्त लिहिलंय आप्पा. ‘गेल्या’ या एका शब्दावर माणूस मारणं फक्त मराठीतच शक्य आहे!
अवांतर : आमचं आडनाव झोपे. मागच्या यादीत घरातल्या चौघांचं आडनाव ‘झोप’ छापलं होतं. तहसीलवाले झोपा काढतात म्हणतात ते हेच का?

निवृत्त_नायब :

@भरीत_पार्टी, हसा. ऑनलाइन फॉर्म इंग्रजीत भरला जातो, मराठी नाव यंत्र बनवतं, आणि कॅफेवाला ते न वाचता पुढे ढकलतो. लेवा आडनावांचे तर हालच. भोळेंचे ‘भोले’, ढाकेंचे ‘धाके’, बऱ्हाटेंचं काय काय होतं ते लिहितही नाही. माझा ऑपरेटर जळगावकडचा होता म्हणून बरंच वाचलं, त्याला कानानेच कळायचं. आठ नंबरचा फॉर्म भरा, दुरुस्ती होते.

कॅफेवरून आठवलं. एकदा अडीचशे फॉर्मवर एकच मोबाइल नंबर सापडला. आम्ही घाबरलो, बोगस म्हणून. निघाला कॅफेवाल्याचा नंबर! लोकांकडे स्वतःचा फोन असूनही हा पठ्ठ्या आपला नंबर टाकायचा, म्हणजे सगळे मेसेज त्याच्याकडे, नि दर चौकशीचे दहा रुपये.

खडू_फळा :

लेख छान आहे सर, पण ‘पोराने पंचनामा लिहिला’ एवढ्यावर नका सोडू. त्या पोराच्या बाजूने मी बोलते. मी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका, नऊ वर्षं बीएलओ. सकाळची शाळा सुटली की घरोघर. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडचा पारा पंचेचाळीसच्या वर जातो, हे जळगाव-भुसावळवाल्यांना सांगायला नको. दार उघडणारी बाई विचारते, ‘‘पुन्हा आल्या का ताई? काय विकताय?’’ कुत्रं अंगावर येतं. पर्यवेक्षक संध्याकाळी गटावर टाकतात, तुमचे किती टक्के झाले, रात्री आठची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची बैठक. अशा वेळी शेजारीण म्हणाली ‘गेल्या’, तर माणूस ‘गेल्या’ लिहितो. वर्षाला सहा हजार मानधन होतं, २०२५ मध्ये आयोगाने बारा हजार केलं. हिशेब करा, महिन्याला किती आणि उन्हाला किती.

निवृत्त_नायब :

ताई, तुमचं खरं आहे, आणि मी त्या पोराला नोटीसही काढली नव्हती. काढायला सांगितली होती वरून. कायद्यात ३२ वं कलम आहे, यादीच्या कामात कसूर केली तर तीन महिने ते दोन वर्षं कैद. ते कलम कायम बीएलओला दाखवतात. टक्केवारीचा तगादा लावणाऱ्याला कुणी दाखवलेलं मी पाहिलं नाही. मी एवढंच केलं की ‘बंद घर’ हा शेरा मान्य केला. आधी बंद घर चालत नव्हतं, म्हणून लोक काहीतरी लिहून आणायचे. बंद घर लिहा, तीनदा जा, त्यात एकदा संध्याकाळी सातनंतर जा, असं ठरवल्यावर मयतांचा आकडा आपोआप खाली आला.

तापीकाठचा_सुरती :

आप्पासाहेब, मी लिंबायतला राहतो, मूळ गाव अमळनेर तालुक्यात. आमच्या सोसायटीत निम्मे लोक अहिराणी बोलतात. खरं सांगतो, माझं नाव दोन्हीकडे आहे. वडील म्हणायचे, ‘‘नाव गावलेच ऱ्हाऊ द्या.’’ मग इथे रेशन, शाळा, सगळ्यासाठी इथलंही केलं. मत दोन्हीकडे कधी टाकलं नाही, आईची शपथ. हे काय मोठं पाप आहे का?

निवृत्त_नायब :

@तापीकाठचा_सुरती, पापाचं मला माहीत नाही, कायद्याचं सांगतो. १७ वं कलम : एकापेक्षा जास्त मतदारसंघांत नाव नको. १८ वं : एकाच मतदारसंघात दोनदा नको. आणि नवीन नाव घालताना ‘माझं दुसरीकडे नाव नाही’ असं तुम्ही लिहून देता. ते खोटं निघालं तर ३१ व्या कलमाखाली एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. मत दोनदा टाकलं नाही हा बचाव इथे चालत नाही.

पण मी तुम्हाला गुन्हेगार म्हणणार नाही. भुसावळ-सुरत लाइनवरच्या प्रत्येक गावात हेच आहे. उधना-लिंबायतला गेलेला माणूस कानबाईला, लग्नाला, आखाजीला परत येतो, घराला कुलूप असतं पण घर असतं. कायदा विचारतो, सामान्यतः राहतो कुठे? २० व्या कलमात स्पष्ट आहे की नुसतं घर मालकीचं आहे म्हणून तो तिथला रहिवासी ठरत नाही. आणि त्याच कलमात हेही आहे की तात्पुरता बाहेर गेला म्हणून रहिवास सुटत नाही. दोन्ही वाक्यं एकदम लक्षात ठेवावी लागतात. चाळीसगाव भागातला ऊसतोड मजूर सहा महिने कारखान्यावर असतो, नंदुरबारकडचा आदिवासी कुटुंबासह गुजरातेत मजुरीला जातो. दोघांच्याही घराला कुलूप. बीएलओने ‘एस’ लिहिलं तर ते चूक. तो पावसाळ्यात परत येतो, पेरणी इथे करतो. तुम्ही मात्र वीस वर्षं सुरतेला, पोरं तिथल्या शाळेत. तुम्ही एस. आम्ही विचारायचो, चूल कुठे पेटते आणि पोरं शाळेत कुठे जातात. एवढ्या दोन प्रश्नांत बहुतेक निकाल लागायचा.

तुम्ही गावचं नाव कमी करायला सात नंबरचा फॉर्म स्वतः द्या. किंवा खरंच परत येणार असाल तर आठ नंबर. २०२२ पासून एका मतदारसंघातून दुसऱ्यात जाण्यासाठीही आठच लागतो, आधी त्यासाठी सहा भरावा लागायचा.

तापीकाठचा_सुरती :

वडिलांना काय सांगू? ते आता नाहीत, पण तरी. बघतो. फॉर्म डाउनलोड केला आहे.

कार्यकर्ता_साधा :

सगळं ठीक, पण साहेब, पक्षाच्या लोकांना तुम्ही शाखेत उभं करत नाही ही आमची तक्रार. आम्ही वॉर्डातला माणूस न् माणूस ओळखतो. आम्ही यादी दिली तर तुम्ही ‘एकगठ्ठा चालत नाही’ म्हणता.

निवृत्त_नायब :

बरं झालं हे विचारलंत. पक्षाचा मतदान केंद्र प्रतिनिधी अर्ज देऊ शकतो, पण एका वेळी दहापर्यंत, आणि आपण स्वतः पडताळलंय असं लिहून. सात नंबरचे गठ्ठे मात्र मी बघितलेत. एका निवडणुकीच्या तोंडावर एका मोहल्ल्यातल्या तीनशेवर लोकांविरुद्ध ‘इथे राहत नाहीत’ म्हणून अर्ज आले. हस्ताक्षर दोघा-तिघांचं. एका अर्जदाराचं नाव तर या मतदारसंघातच नव्हतं. कोणत्या बाजूचे होते ते विचारू नका. पुढच्या खेपेला दुसऱ्या बाजूने दुसऱ्या वस्तीबद्दल तेच केलं.

मी काही शूरपणा केला नाही, नियम वाचला. प्रत्येक अर्जाला बीएलओचा अहवाल, ज्याच्यावर हरकत आहे त्याला चौदा नंबरची नोटीस, हरकत घेणाऱ्याला तेरा नंबरची. दोघांनी सुनावणीला यायचं. सुनावणीच्या दिवशी मोहल्ल्यातले लोक आले, सोबत लाइट बिलं, आधार, शाळेचे दाखले, काहींनी तर लग्नाचा अल्बम आणला होता. हरकत घेणारा एकही फिरकला नाही. ज्याला निकाल पटला नाही त्याला पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येतं, त्यावर तीस दिवसांत मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे. कुणी केलं नाही. शाखेचे मात्र तीन आठवडे गेले, आणि त्या काळात खरे मयत तसेच यादीत राहिले. कट्ट्यावर शिव्या बसतात त्या यासाठी.

पांझराकाठ :

धुळ्यातून लिहितोय. आमच्याकडे जुन्या गावात गल्ल्यांना नंबर आहेत, सोपं आहे. पण देवपूरच्या पुढच्या कॉलन्यांत पत्ता म्हणजे गट नंबर, प्लॉट नंबर. आमच्या घरातले तिघे तीन केंद्रांवर. आणि महापालिकेच्या निवडणुकीत तर शेजारचा प्रभाग! हे कुणाचं पाप?

निवृत्त_नायब :

दोन वेगळी पापं आहेत. घरातले तिघे तीन केंद्रांवर हे आमचं. भागाचा नजरी नकाशा जुना असतो, नवी कॉलनी त्यात नसते, ऑपरेटर जागा दिसेल तिथे टाकतो. तिघांचा आठ नंबर एकत्र द्या, बीएलओकडून ‘एकाच घरातले’ असं लिहून घ्या. आता केंद्राची मर्यादा दीड हजारावरून १,२०० मतदारांवर आली आहे, म्हणजे केंद्रं नव्याने पाडताना हे सुधारायची संधीही आहे आणि पुन्हा बिघडवायचीही.

प्रभागाचं पाप आमचं नाही. महापालिकेची निवडणूक राज्य निवडणूक आयोगाची. ते विधानसभेचीच यादी घेतात नि तिचे प्रभागवार तुकडे करतात. या वेळी १ जुलै २०२५ ची यादी घेतली. त्यात नवीन नाव घालता येत नाही, जुनं काढता येत नाही, फक्त चुकीचा तुकडा बरोबर जागी नेता येतो. संभाव्य दुबारांपुढे दोन तारे टाकले होते ते यासाठीच : काढता येत नाही, मग निदान खूण तरी करा. लोक मात्र शिव्या द्यायला तहसीलमध्येच येतात, कारण पाटीवर ‘निवडणूक’ लिहिलेलं असतं.

मेहरूणकर_ताई :

माझ्या मुलीला मे महिन्यात अठरा पूर्ण होतात. पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायचं का?

निवृत्त_नायब :

नाही ताई. ते जुनं झालं. १ ऑगस्ट २०२२ पासून चार तारखा : १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. तिची १ जुलै. सतरा पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. ती बाहेरगावी हॉस्टेलला असेल तर तिथे करायचं की घरी, हे तिने ठरवायचं. फक्त एकाच ठिकाणी.

नवा_रुजू :

सर, मी गेल्याच महिन्यात तुमच्याच पदावर रुजू झालोय, जिल्हा सांगत नाही. आधीच्यांनी चार्जमध्ये दोन कपाटं आणि एक पासवर्ड दिला. सुरुवात कुठून करू?

निवृत्त_नायब :

अभिनंदन, आणि जरा सांत्वनही.

पहिली गोष्ट, फॉर्मॅट एक ते आठ, म्हणजे यादीच्या आकडेवारीचे तक्ते, काढून भागवार बघा. लोक ते वर पाठवायचा कागद समजतात. त्यातच सगळं असतं. एखाद्या भागात शेजारच्या भागांपेक्षा बाया फारच कमी दिसल्या, तर सुना आल्यात पण नावं माहेरीच आहेत. अठरा-एकोणीसचा रकाना कोरडा असेल तर त्या भागातल्या ज्युनियर कॉलेजात जा. लोकसंख्येच्या मानाने मतदार फुगलेले असतील तर तिथे मयत आणि गेलेले पडून आहेत. शंभरीच्या वरचे मतदार एकेक करून तपासा. निम्म्यांचं शतक टायपिंगमध्ये चुकलेलं निघेल, उरलेल्यांतले काही खरोखर भेटतील, त्यांच्या हातचा चहा घ्या.

दुसरी, रेल्वे किंवा महावितरणच्या वसाहती असतील तर तिथे बदल्यांचा मोसम बघून जा. क्वार्टर तेच, माणूस तिसरा.

तिसरी, स्टेशनबाहेर, पुलाखाली झोपणारे. त्यांच्याकडे पत्त्याचा कागद मागायचा नसतो. बीएलओने रात्री जाऊन तो तिथेच झोपतो का हे बघायचं, एकदा नाही, अनेकदा. मी स्वतः दोन रात्री गेलो होतो. एकाने विचारलं, ‘‘साहेब, नाव लावलं तर उठवणार नाही ना इथून?’’ उत्तर देता आलं नाही.

आणि वही घाला.

नवा_रुजू :

वही घेतली सर, दोनशे पानी. एक विचारू? त्या आजींचं पुढे काय झालं?

निवृत्त_नायब :

२०१९ च्या लोकसभेला, एप्रिलच्या उन्हात, मत देऊन थेट शाखेत आल्या. आम्ही सगळे वायरलेसवर आणि फोनवर अडकलेलो. बोट दाखवलं, पिशवीतून कळण्याचे पापड काढून टेबलावर ठेवले नि गेल्या. (घरी गेल्या. स्पष्ट केलेलं बरं.)

पुढे तीनेक वर्षांनी एक पन्नाशीचा माणूस सुरतेहून आला. हातात सात नंबरचा फॉर्म, पूर्ण भरलेला, सोबत मृत्यूचा दाखला. डोक्याचं मुंडण ताजं होतं. मी म्हटलं, अहो, तेरावं तरी होऊ द्यायचं, घाई काय होती? तो म्हणाला, आईने सांगून ठेवलं होतं, माझं नाव त्या भाऊकडूनच काढून घ्या, दुसऱ्या कुणाच्या सांगण्यावरून नको.

त्या दिवशी वहीत नोंद मी केली. सांगणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं, ‘मतदार स्वतः’. अव्वल कारकून म्हणाला, ऑडिटला काय सांगायचं? म्हटलं, राहू दे.